आधारद्रव्य आणि विद्युत्-विसर्जन : अमोनिया-संश्लेषणाच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रातील मोनार्क कॅटॅलिस्ट हा कारखाना २०१५ मध्ये एव्होनिक या जर्मन रसायन-उद्योगसमूहाने विकत घेतला. व्यापाराच्या दृष्टीने पाहता हा एक साधा व्यवहार होता. परंतु त्या व्यवहारात जी विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेली ती नेमकी कोणती, असा प्रश्न केला तर त्याचे उत्तर सहज देता येत नाही. निकेल, पॅलेडियम, प्लॅटिनम हे धातू पैसे मोजणाऱ्या कोणालाही बाजारात मिळतात. धातू कशावर बसवावा, किती पातळ बसवावा आणि तो तेथे टिकून राहावा म्हणून काय करावे, ही जाण मात्र बाजारात मिळत नाही. उत्प्रेरक तयार करणाऱ्याचे कसब बहुतांशी धातूत नसून धातूच्या खाली जे असते त्यात आहे. त्या खालच्या पदार्थाला आधारद्रव्य म्हणतात.

‘आधार’ हा शब्द थोडा फसवा आहे. देव्हाऱ्यातील मूर्तीला जसा पाट, तसे धातूला आधारद्रव्य, अशी समजूत त्यामुळे होते. पाटाचे काम मूर्ती पेलण्याचे. पूजा मूर्तीची होते. रसायनशास्त्राच्या इतिहासात ही समजूत दीर्घकाळ टिकली. ती कोठे कोठे मोडली, आणि अमोनियाच्या संश्लेषणात उष्णतेच्या जागी विद्युत्-विसर्जन आणू पाहणाऱ्या अलीकडच्या संशोधनात ती पुरती कशी कोसळली, हे पाहणे ठाणे-कल्याण पट्ट्याच्या दृष्टीने निव्वळ कुतूहलाचे नाही. या पट्ट्याला अमोनिया लागतो, उत्प्रेरक येथे तयार होतात, आणि दाबाखालचे ज्वालाग्राही वायू वस्तीजवळ ठेवण्याचा धोका काय असतो हेही या पट्ट्याने सोसून पाहिले आहे.

आधारद्रव्याचा पहिला उपयोग काटकसरीचा होता. येना येथील डोबेरायनर याने १८२३ मध्ये असे दाखविले की, प्लॅटिनमच्या भुसभुशीत चूर्णावर हायड्रोजनचा झोत सोडला तर तो हवेत आपोआप पेट घेतो. प्लॅटिनम महाग, म्हणून ते चिकणमातीत मिसळूनही त्याने वापरून पाहिले, आणि थोड्या धातूत काम भागते असे त्याला आढळले. ‘उत्प्रेरण’ ही संज्ञा बर्झेलियसने त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी रूढ केली. म्हणजे आधारद्रव्य वापरात आले तेव्हा उत्प्रेरकाला अद्याप नावही मिळाले नव्हते. पुढे गंधकाम्लाच्या कारखान्यांत ॲस्बेस्टॉसच्या तंतूंवर प्लॅटिनम बसविण्यात आले, तेही मुख्यतः धातू वाचावा म्हणूनच.

काटकसरीच्या पलीकडे आधारद्रव्याचे काही कार्य आहे ही गोष्ट भारतात प्रथम ज्या धंद्याने मोठ्या प्रमाणावर अनुभवली तो धंदा वनस्पती तुपाचा. साबात्ये याने १८९७ मध्ये निकेलच्या साहाय्याने एथिलीनचे हायड्रोजनीकरण केले. नॉर्मान याने ते तंत्र द्रव तेलांना लावले आणि १९०२ मध्ये त्याचे एकस्व घेतले. १९३० नंतरच्या काही वर्षांत मुंबईत शिवडी येथे वनस्पती तुपाचा मोठा कारखाना निघाला. १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आले आणि थोड्याच काळात तो शब्द मराठी स्वयंपाकघरात सामान्यनाम होऊन बसला. त्या पिवळ्या डब्यातील प्रत्येक चमचा तूप निकेलच्या सान्निध्यातून गेलेले असे. परंतु ते निकेल नुसते नसे. सूक्ष्म जलवनस्पतींच्या कवचांपासून बनलेल्या सिलिकायुक्त मातीवर, म्हणजे किझेलगुरवर, अथवा तत्सम पदार्थावर ते बसविलेले असे.

या मातीचे गुण लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहेत. तेलाचा रेणू मोठा असतो. फार अरुंद छिद्रांत तो शिरत नाही, आणि शिरलाच तर लवकर बाहेर पडत नाही. मग तो आत राहून गरजेपेक्षा अधिक हायड्रोजन घेतो आणि तूप मेणासारखे कठीण होते. छिद्रे फार रुंद असली तर पृष्ठक्षेत्र कमी पडते. निकेलचे कण तापले की एकमेकांना चिकटून मोठे होऊ पाहतात. माती त्यांना दूर दूर ठेवते. शेवटी सगळे तेल गाळून उत्प्रेरक वेगळा काढावयाचा असतो, आणि माती चांगली नसेल तर गाळणीचे कापड तुंबून बसते. धातू तोच, प्रमाण तेच, आणि माती बदलताच तुपाचा वितळणबिंदू बदलतो, हा या धंद्यातील नित्याचा अनुभव होय. डोंबिवलीच्या वर उल्लेखिलेल्या कारखान्याची तेल-हायड्रोजनीकरणाच्या उत्प्रेरकांची शाखा याच परंपरेतील आहे. आधारद्रव्य निष्क्रिय नाही हे प्रबंधांत लिहिले जाण्यापूर्वी गाळणीपाशी उभ्या असलेल्या कामगाराला ठाऊक होते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

अमोनियाची कथा वेगळ्या वाटेने गेली. नायट्रोजनचा रेणू निसर्गातील सर्वांत बळकट बंधांपैकी एका बंधाने बांधलेला असतो. एक ग्रॅम-रेणू नायट्रोजन फोडण्यास सुमारे २२६ किलोकॅलरी लागतात. २ जुलै १९०९ रोजी कार्ल्सरूह येथे फ्रिट्झ हाबर याने ऑस्मियमच्या साहाय्याने, मोठ्या दाबाखाली, अमोनियाचे थेंब सतत टपकताना दाखविले. ऑस्मियम दुर्मिळ असल्याने दुसरा उत्प्रेरक हवा होता. बीएएसएफ कंपनीतील आल्विन मिटाश याने सुमारे २,५०० मिश्रणे तपासली. त्यांत स्वीडनमधील खाणीतून आलेले मॅग्नेटाइट हे लोहखनिज अनपेक्षितपणे सरस ठरले. शुद्ध लोह जेथे अपयशी ठरत होते तेथे हे अशुद्ध खनिज यशस्वी का व्हावे, याचा शोध घेता ॲल्युमिना, पोटॅश आणि चुना या किरकोळ घटकांचे महत्त्व उघड झाले. ९ सप्टेंबर १९१३ रोजी ओपाऊ येथील कारखाना सुरू झाला तो या लोहावर. आजही जगातील बहुतेक अमोनिया त्याच्याच वंशजांवर तयार होतो.

या उत्प्रेरकात शंभरातील नव्वदांहून अधिक भाग लोहच असते. येथे आधारद्रव्य नाही, असे पाठ्यपुस्तके सांगतात. परंतु दोन-तीन टक्के ॲल्युमिना लोहाच्या स्फटिकांच्या मधोमध खांबांसारखा उभा राहतो आणि ४०० ते ५०० अंश तापमानात त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. त्याच्यामुळे एका ग्रॅमचे पृष्ठक्षेत्र दहा-वीस चौरस मीटर राहते. म्हणजे आधारद्रव्य धातूच्या खालून निघून त्याच्या आत जाऊन बसले, इतकेच. हे पृष्ठक्षेत्र मोजण्याची जी पद्धत आज सर्व प्रयोगशाळांत रूढ आहे, ती १९३८ मध्ये ब्रुनाउअर, एमेट आणि टेलर यांनी मांडली. तिचा उगमही अमोनियाच्या लोह-उत्प्रेरकांच्या अभ्यासातूनच झाला. एमेट आणि ब्रुनाउअर हे दोघे वॉशिंग्टनमधील स्थिर-नायट्रोजन संशोधन प्रयोगशाळेत काम करीत होते. या प्रयोगशाळेकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

महाराष्ट्रात अमोनिया आला तो तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, खत कारखान्यातून. फर्टिलायझर कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा हा कारखाना १९६५ मध्ये उत्पादन करू लागला. १९७८ मध्ये तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या नव्या कंपनीकडे गेला. त्याच कंपनीचा अलिबागजवळील थळ येथील प्रचंड प्रकल्प १९८५ मध्ये उभा राहिला. कल्याण-शीळ रस्त्याने शीळफाटा ओलांडून पनवेलच्या दिशेने गेले म्हणजे तळोजे लागते; तेथे दीपक फर्टिलायझर्सचा अमोनिया १९८० नंतरच्या दशकापासून तयार होत आहे, आणि २०२३ मध्ये त्याच समूहाचा वर्षाला सुमारे ५ लाख टन क्षमतेचा नवा प्रकल्प तेथे सुरू झाला. ठाणे जिल्ह्यातील रंगद्रव्यांचे, औषधांचे आणि शीतगृहांचे धंदे ज्या अमोनियावर चालतात तो असा जिल्ह्याच्या सीमेलगत तयार होतो आणि टँकरने आत येतो.

अशा कारखान्यात आधारद्रव्य संश्लेषणाच्या भट्टीत फारसे दिसत नसले तरी तिच्या अगोदरच्या टप्प्यावर ते कारखान्याचे भवितव्य ठरविते. नाफ्था अथवा नैसर्गिक वायू वाफेबरोबर सुमारे ८०० अंशांवर तोडून हायड्रोजन काढतात. ते काम निकेल करते. या निकेलला सिलिकायुक्त माती चालत नाही. एवढ्या उष्णतेत दाबाखालची वाफ सिलिका उचलून नेते आणि पुढच्या थंड नळ्यांत व उत्प्रेरकांवर तिचा थर बसविते. म्हणून येथे ॲल्युमिना अथवा कॅल्शियम ॲल्युमिनेट वापरावे लागते. शिवडीच्या तेलात ज्या आधारद्रव्याने निकेलला तारले तेच तुर्भ्याच्या वाफेत घातक ठरले असते. आधारद्रव्य चांगले की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या परिस्थितीत, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ येत नाही.

अमोनियाच्या संश्लेषणात खरेखुरे आधारद्रव्य परत आले ते रुथेनियमबरोबर. १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत जपानमध्ये ओझाकी आणि आयका यांनी सक्रिय कोळशावर रुथेनियम बसवून, त्यास पोटॅशियमची जोड दिली असता, तो लोहापेक्षा सौम्य परिस्थितीत काम करतो असे दाखविले. १९९२ मध्ये कॅनडातील किटिमॅट येथे केलॉग कंपनीच्या तंत्राने कार्बनवरील रुथेनियम वापरणारा कारखाना चालू झाला. परंतु कार्बनचा आधार हायड्रोजनच्या सहवासात हळूहळू मिथेन होऊन झिजतो; ज्या फांदीवर बसावयाचे तीच तोडावी, तसा हा प्रकार. २०१२ मध्ये टोकियोच्या होसोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅल्शियम आणि ॲल्युमिना यांच्या मायेनाइट या संयुगाच्या पिंजऱ्यांत मोकळे इलेक्ट्रॉन कोंडून त्यावर रुथेनियम बसविला. आधारद्रव्य येथे इलेक्ट्रॉन देणारे दाते झाले. नायट्रोजनचा बंध सैल करण्यात त्याचा प्रत्यक्ष वाटा होता. हे मायेनाइट उच्च-ॲल्युमिना सिमेंटच्या कुटुंबातील, म्हणजे वाफेच्या भट्टीतील निकेलखाली असणाऱ्या कॅल्शियम ॲल्युमिनेटचे जवळचे नातलग आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

येथवरची सारी कथा उष्णतेची आहे. विजेची कथा तिच्याहून जुनी आहे. काचेच्या दोन नळ्यांमधून वायू सोडून त्यांवर उच्च दाबाची प्रत्यावर्ती वीज लावली म्हणजे ठिणगी न पडता मंद, सर्वत्र पसरलेले विसर्जन होते; ओझोनसाठी अशी नळी सीमेन्सने १८५७ मध्ये बनविली होती. १८७३ मध्ये डॉन्किन याने अशाच मूक विसर्जनातून नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचे मिश्रण नेऊन अमोनिया मिळविल्याचे रॉयल सोसायटीला कळविले. हाबरच्या थेंबांच्या छत्तीस वर्षे आधी, उत्प्रेरकावाचून आणि दाबावाचून अमोनिया झाला होता. तो फार थोडा होता, एवढेच त्याचे वैगुण्य. पुढे नॉर्वेत बिर्केलान आणि आयडे यांनी १९०३ पासून विजेच्या प्रखर ज्योतीत हवा जाळून नायट्रिक ऑक्साइड करण्याचा उद्योग उभारला. धबधब्यांची स्वस्त वीज होती तोवर तो चालला. हाबरच्या पद्धतीपुढे त्याचा टिकाव लागला नाही. विजेने नायट्रोजन बांधण्याच्या कल्पनेवर तेव्हापासून जो महागपणाचा शिक्का बसला तो अद्याप पुसला गेलेला नाही.

अशा विसर्जनात वायूची जी अवस्था होते तिला १९२८ मध्ये लँगम्यूरने प्लाझ्मा हे नाव दिले. रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. ते हलके असल्याने विद्युत्-क्षेत्रात प्रचंड वेग घेतात, पण वायू स्वतः जवळजवळ थंडच राहतो. हे वेगवान इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या रेणूवर आदळून त्याला कंपित करतात, क्वचित् फोडतातही. १९२९-३० मध्ये ब्रुअर आणि वेस्टहेवर यांनी दीप्त विसर्जनातील अमोनिया-संश्लेषणाचा पद्धतशीर अभ्यास केला. तो अभ्यास वॉशिंग्टनच्या त्याच स्थिर-नायट्रोजन प्रयोगशाळेत झाला. लोह-उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाचे मोजमाप आणि विसर्जनातील अमोनियाचे मोजमाप असे दोन्ही एकाच छपराखाली, काही वर्षांच्या अंतराने होत होते, तरी एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडावा असे त्या काळी कोणाच्या मनात विशेष आले नाही. पृष्ठभागाचा विचार करणारे विजेचा विचार करीत नसत आणि विजेचा विचार करणारे भिंतीकडे पाहत नसत. संशोधनसंस्थांच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते.

दोन धागे जुळले ते बऱ्याच उशिरा. २००४ मध्ये मिझुशिमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुथेनियम बसविलेली ॲल्युमिनाची सच्छिद्र नळी विसर्जनात ठेवून अमोनियाचे प्रमाण वाढते असे दाखविले.  २०१८ मध्ये अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या मेहता, श्नायडर, हिक्स, गो आदींनी त्या वाढीचे एक सुटसुटीत स्पष्टीकरण मांडले. नायट्रोजन फोडणे ही उष्णतेच्या प्रक्रियेतील अवघड पायरी. जे धातू ती सहज ओलांडतात ते नायट्रोजनला इतके घट्ट धरून ठेवतात की पुढे अमोनिया सुटत नाही. जे सैल धरतात त्यांना नायट्रोजन फोडताच येत नाही. या दोहोंच्या मध्ये लोह आणि रुथेनियम बसतात. प्लाझ्मात नायट्रोजन आधीच कंपित होऊन आलेला असतो, त्यामुळे पहिली पायरी खाली येते, आणि जे धातू सैल धरतात म्हणून बाद ठरले होते, कोबाल्ट आणि निकेल, ते एकदम पात्र ठरतात.

वनस्पती तुपाचे निकेल येथे अमोनियाच्या दारात येऊन उभे राहते. रुथेनियमच्या मानाने ते अतिशय स्वस्त आहे. २०१९ मध्ये लिव्हरपूल येथील तू व सहकाऱ्यांनी ॲल्युमिनावरील लोह, निकेल आणि तांबे यांची जवळजवळ खोलीच्या तापमानात तुलना केली असता निकेल सरस ठरले. आइंडहोवेन येथे भास्कर पाटील व सहकाऱ्यांनी ॲल्युमिनावर अनेक धातू बसवून पाहिले. परंतु या सर्व प्रयोगांतून जी गोष्ट हळूहळू वर आली ती धातूविषयी नव्हती. धातूवाचून, नुसता ॲल्युमिना विसर्जनात भरला तरी अमोनिया होतो. कधी कधी नळी रिकामी ठेवली तरी होतो. धातूधातूंमधील जो फरक उष्णतेच्या भट्टीत शेकडो पट असावयाचा तो येथे बराच आखडतो. मग मूर्ती कोणती आणि पाट कोणता?

याचे कारण असे की, प्लाझ्मात आधारद्रव्य धातूला पेलण्याआधी विजेलाच वळण लावते. विसर्जनाच्या पोकळीत गोळ्या भरल्या म्हणजे विद्युत्-क्षेत्र सर्वत्र सारखे राहत नाही. गोळ्या जेथे एकमेकींना टेकतात तेथे ते एकवटते. किती एकवटावे हे त्या पदार्थाच्या विद्युत्-अपारकतेवर ठरते. क्वार्ट्झचा हा अंक सुमारे ४, ॲल्युमिनाचा ९-१०, आणि बेरियम टायटनेटचा हजारांच्या घरात. अंक जितका मोठा तितके चांगले, असे प्रथमदर्शनी वाटते. पण अँटवर्पच्या बोखार्ट्स यांच्या गटाने केलेल्या गणितांवरून दिसते की, अपारकता फार वाढली म्हणजे विसर्जन टेकण्याच्या बिंदूंपाशीच अडकते, गोळ्यांच्या उरलेल्या पृष्ठभागावर पसरत नाही. मग पृष्ठभागाचा मोठा भाग धातू असूनही वाया जातो. ॲल्युमिनाचा आणि सिलिकाचा मध्यम अंक येथे दोष न राहता गुण होतो.

दुसरी गोष्ट छिद्रांची. उष्णतेच्या उत्प्रेरणात पृष्ठक्षेत्र म्हणजे मुख्यतः आतील क्षेत्र. एक ग्रॅम गॅमा-ॲल्युमिनात दोनशे चौरस मीटर असतात ते बहुतेक सगळे काही नॅनोमीटर रुंदीच्या छिद्रांत. उष्णता तेथपर्यंत पोहोचते. प्लाझ्मा पोहोचत नाही. एवढ्या अरुंद पोकळीत विसर्जन उभे राहण्यास जागाच नसते. छिद्र मायक्रोमीटरच्या आसपास रुंद असेल तरच ते आत शिरू शकते. अल्पायुषी नायट्रोजन-अणू आणि कंपित रेणू बाहेरच संपून जातात. म्हणजे ज्या आतील पृष्ठभागासाठी एमेट आणि ब्रुनाउअर यांनी मोजपट्टी घडविली, तो पृष्ठभाग प्लाझ्माच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नाही. बहुतेक प्रबंधांत मात्र तोच आकडा अजून पहिल्या तक्त्यात छापला जातो.

तथापि ती अंधारी छिद्रे निरुपयोगी नाहीत, आणि हा या प्रकरणाचा सर्वांत रोचक भाग आहे. विसर्जन अमोनिया घडविते तसेच ते त्याला फोडतेही. झालेला रेणू पुन्हा इलेक्ट्रॉनांच्या तडाख्यात सापडला तर तो टिकत नाही. त्याला लपण्यास जागा हवी. लिव्हरपूलच्याच गटाने २०२२ मध्ये एमसीएम-४१ या सुसंघटित छिद्रांच्या सिलिकावर निकेल निरनिराळ्या ठिकाणी बसवून पाहिले: काही नमुन्यांत छिद्रांच्या आत, काहींत फक्त बाहेरच्या अंगास. बाहेर निकेल असलेला नमुना उत्तम ठरला. निकेल प्लाझ्मासमोर उघडे राहते, अमोनिया तेथे घडतो आणि लगेच रिकाम्या छिद्रांत सरकून विसर्जनापासून सुरक्षित राहतो. छिद्र हे येथे अभिक्रियेचे स्थान नसून आसऱ्याचे स्थान आहे. पृष्ठभागाच्या आम्लधर्मामुळे अमोनिया धरून ठेवणारी झिओलाइटेही याच हेतूने विसर्जनात वापरून पाहिली गेली आहेत. आता यातील यशाचे श्रेय किती उत्प्रेरणाला आणि किती नुसत्या शोषणाला द्यावयाचे, हा वाद मिटलेला नाही. तो मिटविण्यासाठी धातुविरहित आधारद्रव्याची, त्याच आकाराच्या गोळ्यांची आणि त्याच विद्युत्-शक्तीची समांतर चाचणी हवी. प्रसिद्ध झालेल्या कामातील बराच भाग या कसोटीवर उणा पडतो, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

आकडे पाहिले म्हणजे या उणीवेचे गांभीर्य कळते. विसर्जनाच्या अनेक प्रयोगांत विजेच्या एका युनिटला २० ग्रॅम अमोनिया मिळाला तर तो चांगला मानतात. या हिशेबाने एका किलोग्रॅमला ५० युनिटे लागतील. तळोज्याचा नवा प्रकल्प दिवसाला सुमारे १,५०० टन अमोनिया करू शकतो. तेवढा अमोनिया या मार्गाने करावयाचा झाल्यास रोज साडेसात कोटी युनिटे, म्हणजे अखंड सुमारे ३,१०० मेगावॅट वीज पुरवावी लागेल. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची सारी क्षमता २,९२० मेगावॅट आहे. शिवाय हा हिशेब फक्त विसर्जनाचा. हायड्रोजन मिळविण्याचा आणि वायूत विरळ मिसळलेला अमोनिया वेगळा काढण्याचा खर्च त्यात नाही. नैसर्गिक वायूवरील उत्तम कारखान्यात कच्चा माल धरूनही एका किलोग्रॅमला साधारण ८ युनिटांइतकी ऊर्जा पुरते. युनिटाला १०० ते २०० ग्रॅम मिळू लागले तरच लहान प्रमाणावर का होईना ही पद्धत विचारात घेता येईल, असे या विषयाचे समालोचक मानतात.

मग इतका खटाटोप कशासाठी? तळोज्याला पर्याय म्हणून नव्हे. उष्णतेचा कारखाना दिवसाच्या उन्हाबरोबर चालू आणि संध्याकाळी बंद करता येत नाही. त्याची प्रचंड भट्टी तापण्यास आणि निवण्यास बराच काळ लागतो, आणि तशा चढउतारांनी उत्प्रेरकही लवकर निकामी होतो. विसर्जन कळ दाबताच सुरू होते. ते वातावरणाच्या दाबावर चालते. २०१६ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मे महिन्यात डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात झालेल्या भीषण स्फोटांनी कारखाना आणि वस्ती यांच्यातील अंतराचा प्रश्न ऐरणीवर आणला. थोडाच अमोनिया लागणाऱ्या धंद्याने तो दाबाखालच्या टाकीत साठवावा की गरजेपुरता जागेवर करावा, हा प्रश्न अशा ठिकाणी काल्पनिक राहत नाही. अर्थात् हायड्रोजन तेथेही लागेलच, आणि हायड्रोजनच्या शेजारी विजेचे विसर्जन ठेवणे म्हणजे निर्धोकपणा नव्हे. या मार्गाचे समर्थक ही बाजू क्वचितच मांडतात.

उत्प्रेरक-व्यवसायाच्या दृष्टीने यातील मागणी मात्र अनोळखी नाही. जलद अभिक्रियांसाठी मौल्यवान धातू गोळीच्या गाभ्यापर्यंत जाऊ न देता बाहेरच्या कवचातच थांबविण्याची रीत जुनी आहे. द्रावणाची आम्लता, भिजविण्याचा वेळ आणि वाळविण्याचा वेग सांभाळून धातू केवढा खोल जावा हे ठरविता येते. अंड्याला कवच असावे तसा तो गोळीभोवती राहतो. उष्णतेच्या प्रक्रियेत ही रीत धातू वाचविण्यासाठी वापरली गेली, म्हणजे डोबेरायनरच्या चिकणमातीच्याच हेतूने. प्लाझ्मात तिचा हेतू उलटतो: धातू बाहेर ठेवावयाचा तो आतील छिद्रे रिकामी राहावीत म्हणून. त्या गोळीचा आकार किती असावा, तिची अपारकता किती, छिद्रांची रुंदी किती आणि निकेलचा थर किती मायक्रोमीटरांवर थांबवावा, हे चार आकडे एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि त्यांपैकी तिघांचा संबंध धातूशी नसून आधारद्रव्याशी आहे.